पण तिला गोल्ड मिळालंच नाही ना!

पत्र थोडक्यात असं:

"काकू, सप्रेम नमस्कार. आम्ही कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहतो. माझी मुलगी १४ वर्षांची आहे आणि सहाव्या वर्षापासून फिगर स्केटिंग करते. पहाटे साडेचारला उठून रिंक, मग शाळा, असं आमचं आठ वर्षं चाललंय. गेल्या महिन्यात स्पर्धेत डबल अॅक्सल या उडीवर ती दोनदा पडली आणि शेवटून तिसरी आली. तिच्याच रिंकवरची ११ वर्षांची मुलगी पहिली आली. कुणीतरी ती पडल्याचा व्हिडिओ टाकला, त्याखाली हसणाऱ्या कॉमेंट आल्या. तेव्हापासून स्केट्सची बॅग गॅरेजमध्ये पडून आहे, ती उघडलेलीसुद्धा नाही. 'मला आता नाही करायचं,' एवढंच म्हणते. ह्यांचं म्हणणं, इतकी वर्षं आणि इतका पैसा घातल्यावर असं मध्येच कसं सोडता येईल? मी अमेरिकेच्या स्केटर मिशेल क्वानची जुनी चाहती. मुलीला समजवायला म्हटलं, बघ, मिशेल हरूनही केवढी मोठी झाली. तर ती म्हणाली, 'पण तिला गोल्ड मिळालंच नाही ना!' यावर मला काही बोलता आलं नाही. तिला रेटू की सोडू देऊ? – एक आई"

प्रिय मैत्रिणी,

तू माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची असशील, म्हणून एकेरीत लिहिते.

तुझी मुलगी खरं बोलली. मिशेल क्वानला ऑलिंपिकचं सुवर्ण मिळालं नाही, आणि तिला ते हवं होतं. तू गप्प झालीस ते बरंच झालं. अशा वेळी आपण आया घाईघाईने म्हणतो की पदक म्हणजे सगळं नव्हे, भाग घेणं महत्त्वाचं. हरून आलेल्या मुलाला त्यातून एवढंच कळतं की आपल्याला किती लागलंय ते आईला दिसलेलंच नाही. ती पुन्हा तसं म्हणाली तर नुसतं "हो, नाही मिळालं" म्हण आणि थांब. तिला पुढे विचारायचं असेल तर ती विचारेल. तेव्हा सांगायला हाताशी असावी म्हणून ती गोष्ट मी इथे नीट सांगते. आपण ती अर्धीच सांगतो, आणि मुलांना ते कळतं.

फेब्रुवारी १९९८. मी तेव्हा मिशिगनमध्ये राहत होते, मुलगी लहान होती, तिला मांडीवर झोपवून मी रात्री नागानो ऑलिंपिकची स्पर्धा टीव्हीवर पाहिली. क्वान १७ वर्षांची. त्याच्या आदल्याच महिन्यात फिलाडेल्फियाच्या राष्ट्रीय स्पर्धेत पंचांनी तिला दोन्ही फेऱ्या मिळून १५ वेळा ६.० दिले होते. त्या काळी ६.० म्हणजे पैकीच्या पैकी. आणि हे पायाच्या बोटाच्या फ्रॅक्चरमधून नुकतीच उठून. नागानोला ती शॉर्ट प्रोग्रॅमनंतर, म्हणजे पहिल्या फेरीनंतर, पहिली होती. अंतिम फेरीत ती पडली नाही, तिची मोठी चूकही झाली नाही. पण हातातलं काचेचं भांडं जपत चालावं तशी ती त्या रात्री खेळली. मला तेव्हा कळलं नाही, पुढे पुन्हा पाहिलं तेव्हा दिसलं. मग १५ वर्षांची तारा लिपिन्स्की आली. ट्रिपल लूपला, म्हणजे हवेत तीन गिरक्यांच्या उडीला, जोडून लगेच दुसरा ट्रिपल लूप, आणि शेवटी आनंदाने अक्षरशः धावत सुटली. नऊपैकी सहा पंचांनी तिला वर ठेवलं, तिघांनी क्वानला. संपलं.

म्हणजे आपल्यापेक्षा लहान मुलगी पुढे निघून जाणं, जे तुझ्या लेकीला इतकं झोंबलंय, ते क्वानच्या वाट्याला आलं आणि तेही सगळ्या जगासमोर. शिवाय ती पहिली वेळ नव्हती. १९९७च्या राष्ट्रीय स्पर्धेत क्वान आदल्या वर्षीची विजेती म्हणून उतरली, पडली, आणि १४ वर्षांची लिपिन्स्की जिंकली. पण तुझ्या मुलीला याची दुसरी बाजूही सांग. १९९६ला क्वान स्वतः १५ वर्षांची होती आणि तिने आधीच्या जगज्जेत्या चेन लूला मागे टाकून पहिलं विश्वविजेतेपद घेतलं होतं. या खेळात प्रत्येक मोठी मुलगी कधीतरी ती लहान मुलगी असते. तुझी लेकही आठ-नऊ वर्षांची असताना कुणाला तरी मागे टाकून गेली असेल, आणि त्या मुलीच्या आईनेही घरी येऊन असंच डोकं धरलं असेल.

आता प्रसिद्धीबद्दल, कारण तो व्हिडिओ तुला छळतोय हे पत्रात दिसतंच. लिपिन्स्की जिंकली त्या रात्री अमेरिकेतल्या एका मोठ्या बातम्यांच्या संकेतस्थळाने मथळा दिला की अमेरिकन मुलीने क्वानला हरवलं. क्वानचा जन्म कॅलिफोर्नियातल्या टॉरन्सचा, आईवडील हाँगकाँगहून आलेले, आणि छातीवर झेंडा याच देशाचा. चार वर्षांनी २००२ला एका वर्तमानपत्राने पुन्हा तसाच मथळा छापला. आपली मुलं ज्या देशात वाढतायत तिथे हे घडलं, म्हणून मला ते विसरता येत नाही. नंतर माफ्या मागितल्या गेल्या. पण मुद्दा असा की क्वानच्या हातात ते मथळे नव्हते, तुझ्या मुलीच्या हातात त्या कॉमेंट नाहीत. तुझ्या हातात मात्र थोडं आहे. ज्याने व्हिडिओ टाकला त्याच्या पालकांना शांतपणे फोन कर आणि काढायला सांग. ऐकलं नाही तर तिथेच तक्रार नोंदव, मुलगी अल्पवयीन आहे. हे तिच्यासमोर करू नकोस आणि त्याचा गाजावाजाही करू नकोस. झालं की एका वाक्यात सांग: "तो व्हिडिओ आता नाहीये."

क्वानकडे परत येते. नागानोनंतर काही आठवड्यांनी मिनिआपोलिसला जागतिक स्पर्धा होती. लिपिन्स्की त्यात उतरली नाही, आणि लवकरच ती व्यावसायिक झाली. क्वान उतरली आणि जिंकली. मग २०००, मग २००१. २००२च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकला ती आली तेव्हा सगळ्यांनी धरूनच चाललं होतं की आता तिची पाळी. त्याआधी काही महिने तिने आपले जुने कोच फ्रँक कॅरल यांच्यापासून फारकत घेतली होती आणि कोचशिवाय ती तिथे आली होती. शॉर्ट प्रोग्रॅमनंतर पुन्हा पहिली. अंतिम फेरीत ट्रिपल फ्लिपवर पडली. शॉर्टनंतर चौथी असलेली सेरा ह्यूज सुवर्ण घेऊन गेली, इरिना स्लुत्स्कायाला रौप्य, क्वानला कांस्य. एक-दोन दिवसांनी विजेत्यांचा प्रदर्शनाचा कार्यक्रम असतो, त्यात ती सोनेरी पोशाखात बर्फावर आली आणि स्केटिंग करता करता रडली. सगळं स्टेडियम उभं होतं. तुझ्या मुलीला हे रडणं सांग. "हरली तरी ती हसत होती" असं सांगू नकोस, ते खोटं आहे.

आणि मग? मग २००३ला वॉशिंग्टनमध्ये तिने पाचवं विश्वविजेतेपद घेतलं. २००५पर्यंत राष्ट्रीय विजेतेपदं नऊ झाली. २००६ला, २५व्या वर्षी, दुखापतीमुळे राष्ट्रीय स्पर्धा हुकली तरी तिला तुरिनच्या संघात जागा मिळाली. तिथे सरावात पुन्हा दुखावली आणि तिने माघार घेतली. पूर्ण ताकदीने उतरता येत नसेल तर उतरू नये, एवढा या स्पर्धेचा मान आपण ठेवतो, अशा अर्थाचं ती तेव्हा बोलली. तिच्या जागी गेली ती एमिली ह्यूज, चार वर्षांपूर्वी सुवर्ण घेऊन गेलेल्या सेराची धाकटी बहीण.

सगळे याला चिकाटी म्हणतात. पण मला वाटतं, आपण त्या शब्दाचा अर्थ चुकीचा लावतो. नुसतं राहून गेलेल्या पदकासाठी कुणी आठ वर्षं त्याच बर्फावर जात नाही. मनात कडवटपणा साचतो आणि तो हालचालीत दिसतो. क्वानमध्ये तो दिसला नाही. तू चाहती आहेस, तिचं स्पायरल तुला आठवतच असेल. एक पाय मागे डोक्याच्याही वर, हात पसरलेले, एका पात्यावर सगळं अंग तोललेलं, आणि मधेच ते पातं आतल्या कडेवरून बाहेरच्या कडेवर जातं, तरी वेग तोच. उडी चुकली की गुण जातात, विजेतेपद जातं, हे सगळ्यांना माहीत होतं. त्या स्पायरलने निकाल फिरत नव्हता. तरी त्या क्षणी लोक उठून उभे राहायचे. दरवर्षी, नागानोनंतर आणि सॉल्ट लेकनंतरही. कुठल्याही पंचाला ते तिच्याकडून काढून घेता येत नव्हतं. माझ्या मते ती परत परत जात राहिली ती याच्यासाठी.

तुझ्या मुलीचं स्पायरल कुठलं? म्हणजे तिला बर्फावरची कुठली गोष्ट अशी आवडते, जी कुणी पाहत नसतानाही ती करेल? मला माहीत नाही आणि बहुतेक तुलाही नसेल. राग मानू नकोस. आपण गाडी चालवतो, पैसे भरतो, थर्मासमध्ये चहा घेऊन बाकावर कुडकुडत बसतो, आणि हे विचारायचं राहून जातं.

हे मी अनुभवाने सांगते. माझ्या मुलीला मी भरतनाट्यम शिकवलं. दहा वर्षं. बाराव्या वर्षी ती एकदा म्हणाली, "मला अभिनय आवडतो, बाकीचं नाही आवडत," आणि मी म्हटलं, अरंगेत्रम, म्हणजे रंगमंचावरचा पहिला पूर्ण कार्यक्रम, होऊ दे, मग बघू. ते झालं, हॉल भरला, भारतातून आजी आली. दुसऱ्या दिवशी तिने घुंगरं पेटीत ठेवली. आज ती ३० वर्षांची आहे, ती पेटी अजून माझ्याकडे आहे. त्या वेळी मी दोन मिनिटं थांबून "अभिनयात काय आवडतं?" एवढं विचारलं असतं, तर ती कदाचित आजही नाचत असती. कदाचित नसतीही. पण मी विचारलं नाही हे मला सलतं.

एक गोष्ट शरीराची, कारण मुली याचा दोष स्वतःला देतात. अॅक्सल ही एकच उडी अशी की जिच्यात पुढे तोंड करून उडायचं आणि मागे तोंड करून उतरायचं. म्हणून डबल अॅक्सल म्हणजे हवेत अडीच गिरक्या. ११ वर्षांचं अंग अरुंद आणि हलकं, ते पटकन फिरतं. १३-१४व्या वर्षी उंची वाढते, खांदे-कमर रुंदावतात, तोल जिथे होता तिथे राहत नाही, आणि काल सहज जमणारी उडी आज जमत नाही. मेहनत कमी पडली म्हणून असं होतं असं नाही. आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने २०२२ मध्ये मोठ्यांच्या गटासाठी किमान वय १५वरून १७ करायचं ठरवलं, त्यामागे लहान मुलींच्या शरीराची आणि मनाची काळजी होतीच. हे तिच्या कोचने तिला सांगायला हवं होतं. सांगितलं नसेल तर तू कोचला भेट आणि सांगायला लाव. त्याच भेटीत त्या दिवसाची गुणपत्रिका, तुम्ही प्रोटोकॉल म्हणता ती, काढून घे. प्रत्येक घटकाला उणे पाच ते अधिक पाच असा दर्जा लावलेला असतो. पडलेल्या उडीचं उणे पाच तिला पाठ असेलच. स्पिनना काय मिळालं, स्केटिंगच्या कौशल्याला काय मिळालं, हे तिने बहुतेक पाहिलंही नसेल. पाहायचं की नाही ते तिच्यावर सोड. कोचने विचारावं, तू नको.

तू रेटू का विचारतेस. नको रेटू. सोडू देऊ का विचारतेस, तर तेही आत्ता ठरवू नकोस. हरल्याच्या महिन्यात घेतलेला निर्णय स्पर्धेचा असतो, खेळाचा नसतो. तिला सांग की सहा आठवडे कुणी काही विचारणार नाही, बाबाही नाही, आणि पहाटेचा गजर बंद. त्या सहा आठवड्यांत तिला झोपू दे.

सोडून दिलं म्हणजे संपलं, ही भीतीही जरा बाजूला ठेव. तुझ्याच बे एरियातली अलिसा लू. १३व्या वर्षी, २०१९ला, ती अमेरिकेची आजवरची सर्वांत लहान राष्ट्रीय विजेती झाली. बीजिंग ऑलिंपिकमध्ये सहावी आली, जागतिक स्पर्धेत कांस्य घेतलं, आणि २०२२च्या एप्रिलमध्ये, १६व्या वर्षी, निवृत्त झाली. लहानपणापासून एवढंच करत आलेली मुलगी. तिने बर्फाकडे पाठ फिरवली, मित्रमैत्रिणींबरोबर हिंडली, कॉलेजात गेली. पुढे एकदा स्कीइंगला गेली असताना तिला बर्फावरचा वेग पुन्हा आठवला आणि ती रिंकवर परतली, पण या वेळी संगीत, पोशाख, सराव किती करायचा, हे सगळं स्वतः ठरवून. मार्च २०२५ मध्ये बॉस्टनला ती जगज्जेती झाली. २००६ नंतर अमेरिकेची पहिली. हे तुझ्या मुलीला "बघ, तूही अशीच परत येशील" म्हणून सांगू नकोस, नाहीतर ती सुट्टीही तुझ्या योजनेचा भाग होईल. हे तुझ्यासाठी लिहितेय, रात्री झोप यावी म्हणून.

सहा आठवड्यांनी ती परत गेलीच, तर तिने स्पर्धाच केल्या पाहिजेत असंही नाही. नुसत्या टेस्ट, म्हणजे कौशल्याच्या परीक्षा, देत पुढे जाता येतं, आइस डान्स आहे, १६ जणींनी मिळून करायचं सिंक्रोनाइज्ड स्केटिंग आहे, ज्यात पडलीस तर पंधरा जणी तुझ्याबरोबर असतात. पुष्कळ मुलींना तिथे पहिल्यांदा या खेळात मैत्रिणी मिळतात. आणि परत गेलीच नाही, तर तिने आठ वर्षं पहाटे उठून पडणं आणि उभं राहणं केलंय, ते तिच्या अंगात राहीलच. क्वानने पुढे शिक्षण पूर्ण केलं, पदव्युत्तर पदवी घेतली, परराष्ट्र खात्याचं काम केलं आणि २०२२ मध्ये ती बेलीझमध्ये अमेरिकेची राजदूत झाली.

तुझ्या नवऱ्याबद्दल. त्यांचं पैशांचं म्हणणं मला चुकीचं वाटत नाही, हा खेळ मध्यमवर्गीय घराचं कंबरडं मोडतो. क्वानच्या आईवडिलांनी मुलींच्या स्केटिंगसाठी घर विकलं होतं. ही गोष्ट आपण फार कौतुकाने सांगतो, आणि मला ती मुलांना सांगितलेली आवडत नाही. मुलांना त्यात कर्ज ऐकू येतं. हिशोब तुम्ही दोघं बसून करा, वर्षाला किती झेपतं ते ठरवा आणि तो आकडा स्पष्टपणे मुलीला सांगा. १४व्या वर्षी तिला आकडा समजतो. पण "आठ वर्षं फुकट गेली" हे वाक्य त्या घरात पुन्हा उच्चारलं जाऊ नये, एवढं त्यांना माझं नाव घेऊन सांग.

आणि ती गॅरेजमधली बॅग. ती पत्रात वाचल्यापासून माझ्या डोळ्यांसमोर आहे. स्पर्धेनंतर उघडलेली नाही म्हणतेस, म्हणजे पाती तशीच ओली मिटलेली असणार. पोलाद आहे, गंज धरतं. आज संध्याकाळी तूच ती उघड. पाती कोरड्या फडक्याने पुसून घे, बुटांच्या नाड्या सैल करून जिभा बाहेर काढ म्हणजे आतून वाळतील, आणि पात्यांवर प्लॅस्टिकचे गार्ड चढवू नकोस, मऊ कापडी कव्हर घाल. बॅग परत गॅरेजमध्येच ठेव, जिथे तिने ठेवली होती तिथे. तिने विचारलं तर सांग, गंजू नयेत म्हणून पुसले.

सहा आठवड्यांनी मला कळव, काय झालं ते.

तुझी,
काकू